आक्कांची सही

निपाणीजवळच्या आमच्या गावच्या दूध सोसायटीत मी सचिव होतो आणि आक्कांची एक सही मी फसवून घेतली. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर त्यांचं कौतुक करता करता माझी बाजू मी हळूच वगळून टाकेन.

संचालक मंडळात बायका घ्याव्याच लागतात, असा सरकारी नियम. म्हणून दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या आक्का बिनविरोध संचालक झाल्या. बैठकीला त्यांना कुणी बोलावत नसे. बैठक उरकली की ठरावाची वही मी त्यांच्या घरी न्यायचो. शेणाचे हात धुऊन त्या चष्मा लावायच्या, ओळीखाली बोट धरून सावकाश वाचायला लागायच्या. मला घाई असे.

"काय ठरलं रं?"

"नेहमीचंच, आक्का."

एकदा मी गमतीत म्हणालो, "सरकारनं उगंच सक्ती केलीया बघा."

त्या हसल्या नाहीत. "सक्ती नसती तर तू माझ्या दारात तरी आला असतास व्हय रं?"

पुढे मंडळाने गल्लीतलं दूध केंद्र बंद करून हायवेला न्यायचं ठरवलं. पहाटे किटल्या घेऊन तिथवर चालणार बायकाच. त्या दिवशी ठरावावर तळवा ठेवून मी सहीपुरती जागा उघडी ठेवली. आक्कांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग सही केली. कुणापुढे कागद सरकवताना ती नजर अजून माझ्या हातावर येते.

गल्ली त्यांच्या दारात जमली. "तुझीबी सही हाय की गं खाली!"

मी तिथेच होतो. आक्का एवढंच म्हणाल्या, "व्हय, माझीच हाय."

पुढच्या बैठकीला त्या न बोलावता आल्या.

"कशाला तरास घेतलासा, आक्का? वही घरी आली असती की," अध्यक्ष म्हणाले.

"माझी खुर्ची हाय का न्हाय, बघावं म्हटलं."

नव्हती. भिंतीला टेकून त्या शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, एकट्याच ठरावाविरुद्ध बोलल्या. मी बसून लिहीत होतो. ठराव फिरला नाही, आणि त्या बोलल्या हे मी गल्लीत कुणाला सांगितलंही नाही.

त्यानंतर त्यांच्याकडे कुणी विरजण मागायलासुद्धा येईना. दोन वर्षांनी त्या वारल्या. अंघोळ घालायला गल्लीतली एकही बाई उठेना. एकटी लेक हंड्याजवळ बसून होती. तेव्हा मी गल्लीच्या मधोमध उभा राहिलो.

"बायांनो, त्यो ठराव मी आक्कांस्नी वाचू दिला न्हाय. शिव्या मला घाला. आक्का, चुकलं माझं."