चादरीची दोन टोकं

त्या सकाळी थंडी अशी होती, की नळाचं पाणी बोटांना चावत होतं. धुलाईखान्याच्या काचा आतून पांढऱ्याफटक झाल्या होत्या. गारठ्यापायी कोणी खिडकी उघडली नव्हती, आणि इस्त्रीच्या मोठ्या मशीनची वाफ न बोलावलेल्या पाहुण्यासारखी खोलीच्या मधोमध ठाण मांडून बसली होती. गावातल्या तीन दवाखान्यांच्या चादरी इथं धुतल्या जात. मुकादमीणबाईनं आल्या आल्या गाडे मोजले, गळ्यातली शिट्टी सरळ केली आणि कामाला लावायची शिट्टी फुंकली. तिच्या पाठीमागं बायका तिला ‘कुकर’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं.

हे मशीन म्हणजे आडवा, तापलेला, संथ फिरणारा रूळ. दोघींनी दोन टोकांना उभं राहायचं, ओली चादर ताणायची, तिची कड रुळाला लावायची आणि दोघींनी एकदम सोडायची. एकीनं सोडली आणि दुसरीच्या मुठीत राहिली, तर चादरीबरोबर तिचा हातही आत जातो. म्हणून सोडताना आवाज द्यायची पद्धत. हरेक जोडीचा आवाज निराळा. कोणी ‘जा’ म्हणे, कोणी ‘गेली’. मुकादमीण आणि तिची जोडीदारीण बारकी, या दोघींनी अकरा वर्षं नुसत्या ‘हं’वर काढली होती. त्या ‘हं’च्या अधेमधे सुना, दाढदुखी, भाजी, सगळ्या जगाचं बोलून व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी शिट्टी मुकादमिणीच्या गळ्यात आली. आधीचा मुकादम खेकसायचा, तसं आपण वागायचं नाही असं तिनं मनाशी ठरवलं होतं, आणि बरेच दिवस ते निभलंही. मग नवे मॅनेजर आले. एकदा सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, की तुम्ही यांच्या मुकादम आहात की मैत्रीण? त्यांना हवी होती शिस्त. हिच्या मात्र ते वाक्य जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी तिनं खडूनं भिंतीवर लिहिलं, की मशीनवर कोणी तोंड उघडायचं नाही.

बारकीच्या जोडीला आता शिडी असायची. उंच म्हणून शिडी. शिडीनं विचारलं, “बाई, मग सोडायचं कसं कळणार?”

मुकादमीण म्हणाली, “डोळे दिलेत ना देवानं?”

कोणी हसलं नाही. बारकीनं तेवढं तिच्याकडे पाहिलं आणि चादर उचलली.

त्याला आठ दिवस झाले आणि ही थंडी पडली. वाफेत या टोकाचं त्या टोकाला दिसेना. मुकादमीण घड्यांच्या टेबलाशी होती. किंकाळी ऐकून ती धावली, तर ओरडत होती शिडी. बंद करायच्या दांडीला धक्का लागून मशीन थांबलं होतं, बारकीचा उजवा पंजा लालबुंद भाजला होता, आणि बारकीनं ओठ घट्ट मिटून धरले होते. पाण्याखाली हात धरला तरी ती हूं की चूं करेना. तिचा पंजा धरून उभ्या असलेल्या मुकादमिणीला तेव्हा उमगलं, की बाई कळ सोसत नाहीये, नियम पाळतेय.

दुपारी मॅनेजरांनी मुकादमिणीपुढं कागद ठेवला. कामगाराचं लक्ष नसल्यामुळे अपघात. लक्ष नसलेल्या बाईला परत कामावर घेत नाहीत, हे तिला पुरतं माहीत होतं. साक्षीदार म्हणून तिनं सही केली. पेन अडलं नाही. अगदी रोजच्यासारखी सही आली, आणि पुढं तिला तेच जास्त खात राहिलं.

तिसऱ्या दिवशी ती बारकीच्या घरी गेली. दार बारकीच्या सासूनं उघडलं.

“या. तुमच्याकडे बोलायला बंदी आहे म्हणे. इथं बोला हो मोकळेपणानं.”

ती मान खाली घालून आत गेली. बारकी भिंतीला टेकून बसली होती, हात पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. वेणी सासूनं घातलेली दिसत होती, एका बाजूला गेलेली.

“ताई, माझंच चुकलं,” बारकी म्हणाली. “शिडीच्या खांद्यावर नजर ठेवायला हवी होती. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. मला परत घेतील ना? तू सांगशील ना साहेबांना?”

“सांगते की,” मुकादमीण म्हणाली. सहीबद्दल तिच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. सासूनं पुढं ठेवलेलं पाणी पिऊन ती उठली. घरी जाताना ती आपल्याच गल्लीवरून पुढं निघून गेली आणि चौकातून परत फिरली.

दुसऱ्या दिवशी शिट्टी फुंकायच्या आधीच ती मॅनेजरांच्या खोलीत गेली. म्हणाली, तो कागद खोटा आहे. ते समजावू लागले. कागद वर गेलाय, सही तुमचीच आहे, आणि तोंडं शिवायला काही मी सांगितलं नव्हतं.

“नव्हतंच सांगितलं. तुम्ही शिस्त म्हणालात, तोंडं मी बंद केली. कळणार कसं असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी टोमणा मारला. हे असंच्या असं लिहा.”

“मग मुकादम दुसरं कोणीतरी बघावं लागेल.”

“बघा,” ती म्हणाली, आणि शिट्टी काढताना दोरी केसांत अडकली ती त्यांच्यासमोरच सोडवत बसली.

वरून माणसं येऊन चौकशी करून गेली. कागद बदलला. भिंतीवरचं बायकांनीच पुसलं आणि आवाज पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या पाळीतली एक बाई मुकादम म्हणून आली. महिन्यानं बारकी आली, पंजावर गुलाबी, कोवळं कातडं घेऊन. तिला घड्यांच्या टेबलावर दिलं. मुकादमीण, म्हणजे आता नुसतीच बाई, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

बारकीनं घडी घालता घालता विचारलं, “आधी सही केली होतीस ना?”

“केली होती.”

“आणि मग घरी आलीस. माझ्याकडून आपली समजूत काढून घेतलीस.”

“हो.”

बारकीनं घडी पुरी केली, वर हात फिरवला. दुखत असणार, कारण फिरवता फिरवता ती थांबली. “काम वाचवलंस, ते मी विसरणार नाही,” ती म्हणाली. “पण मी रुळावर परत गेलेच, तर शिडीबरोबर जाईन. तुझ्याबरोबर नाही.”

पलीकडे उशांच्या अभ्र्यांचा ओला गाडा येऊन थांबला होता. अभ्रे एकटीनं लावता येतात, दुसरं टोक धरायला कोणी लागत नाही. तिनं गाडा ओढून घेतला, वरचा अभ्रा झटकला आणि लावायला सुरुवात केली.