आईच्या दाढेचे तीन फोटो

पेडण्याला आईच्या वरच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल झालं होतं, वर कॅपही बसवली होती. तरी वर्षभराने ती दाढ पुन्हा दुखू लागली. चावताना आत काहीतरी दबतंय, असं आई म्हणायची आणि बोट ठेवून नेमकी तीच दाढ दाखवायची.

तिथल्या डॉक्टरांनी तोंडात पट्टी धरून छोटा एक्स-रे काढला. काही दिसलं नाही. मग डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्राने सगळ्या दातांचा लांब फोटो काढला. तोही स्वच्छ. "शिरेचं दुखणं असेल," म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या. त्या घेऊन आई दिवसभर पेंगायची. दादा म्हणाला, "वय झालं की असं होतंच."

आई भडकली. "दिसना नाय म्हणान दुखना नाय काय?"

मी तिला म्हापशाला, दातांच्या मुळांचंच काम करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी दोन्ही फोटो निरखले.

"यांत चूक काही नाही," त्या म्हणाल्या. "पण वरच्या दाढेवर गालाच्या हाडाची सावली पडते, सगळं एकावर एक येतं. स्कॅनमध्ये हाडाचा एकेक काप वेगळा बघता येतो."

"मग आधीच स्कॅन का नाही काढत?" मी विचारलं.

"त्यात किरणं जास्त लागतात. साध्या फोटोवर भागलं तर बरंच."

स्कॅन झाला. पडद्यावर काप सरकत गेले आणि एका मुळाच्या टोकाशी मसुराएवढा काळा डाग उमटला. त्या मुळात दुसरी, केसासारखी बारीक नळी होती. ती भरायची राहिली होती आणि तिच्यामुळे हाडात पू धरला होता.

आई खुर्चीवरून उठली, चष्मा लावून पडद्याशी गेली. "बग गो, थयच दुखता!" दुखत असूनही ती हसत होती.

"काढूची लागतली?" तिने विचारलं.

"छे! ती नळी शोधून साफ करू. दाढ राहील."

दोन बैठकांत काम झालं. दुखणं हळूहळू ओसरलं, गोळ्या बंद झाल्या. बऱ्याच महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढला, तेव्हा डाग निम्म्याहून लहान झाला होता, कडेने नवं हाड धरत होतं.

"या वयार हाड भरता?" आईने विचारलं.

"भरतं की. थोडा वेळ घेतं, इतकंच."

आई जिना उतरताना मध्येच थांबली. "मगे ह्या गुडघ्याचो पण एक फोटो काढूया," ती म्हणाली.