बसप्पामामांची करंगळी

आमच्या लोहाऱ्याच्या कॉलेजात बसप्पामामा प्रयोगशाळेत काम करतात. अठ्ठावीस वर्षं बाटल्या धुतल्या, ब्युरेटी भरल्या. पण प्रश्न विचारायची खोड काही गेली नाही. "लाईट गेली की इंटरनेट कुठं जातंय, सर?" असं ऐन चहाच्या वेळी विचारणार. मी तिथं रसायनशास्त्र शिकवतो आणि माझं डोकं लवकर तापतं. माझं उत्तर ठरलेलं, "मामा, कामाचं बघा."

गेल्या वर्षी कॉलेजनं तास पोर्टलवर टाकायचं ठरवलं. मी टायट्रेशनचा, म्हणजे ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडून फिकट गुलाबी रंग आला की थांबायच्या प्रयोगाचा, नऊ मिनिटांचा व्हिडिओ केला. केला म्हणजे काय, आवाज माझा! कॅमेरा लागला की माझे हात थरथरायचे, म्हणून ब्युरेटची तोटी मामांनी फिरवली. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी पूर्वी कधीतरी काचेनं कापलेली, ती वाकत नाही. व्हिडिओत नुसते हात दिसत होते आणि खाली नाव माझं. कुणाला काय कळतंय, म्हटलं.

मग मीच जाहीर केलं, ज्यानं व्हिडिओ पाहिला नाही त्याला प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देणार नाही. परीक्षा सोमवारी होती. शनिवारी पोर्टलवरून यादी काढली. त्यात एकाच गावच्या पाच मुली डोळ्यांत भरल्या. गुलबानोनं व्हिडिओ एक्केचाळीस वेळा पाहिलेला, बाकी चौघींच्या नावापुढं शून्य. "एक ढ, चार कामचुकार," म्हणून मी मोकळा झालो आणि चौघींची नावं फळ्यावर लिहिली.

मामा यादीसमोर उभे राहिले. "सर, एक्केचाळीस बार का बघितलं आसंल?"

"डोक्यात शिरत नसेल."

"मग तिसऱ्या बारीलाच सोडलं आसतं की तिनं."

मी खेकसलो, पण प्रश्न काही पिच्छा सोडेना. खरंच, कोण बघतं एवढ्या वेळा? शेवटी दुपारी मामांना गाडीवर मागं बसवलं आणि गुलबानोच्या गावी गेलो.

तिचे अब्बा, सरदारभाई, शिंपीकाम करतात. शिलाई मशीनवर फोन टेकवलेला आणि भोवती पाचही जणी! आम्हाला बघून ताडकन उठल्या. पाच घरांत दिवसा मोकळा असणारा फोन हा एकच. रोज एकीची पाळी. तिला अडेल तिथं ती व्हिडिओ थांबवणार, मागं घेणार.

"अगं, मग आपापल्या नावानं का नाही उघडलं?" माझा आवाज चढलाच.

चौघींतली अर्पिता पुढं आली. "सर, आमच्या नावानं उघडायचं तर ओटीपी बाबाच्या फोनवर येतो आन् बाबा रानात. आन् पुस्तक एकच आसलं तर त्याच्यावर पाच नावं टाकतो का आपण?"

मामा खुदकन हसले. मला राग आला, खरं सांगतो. "असं कुणीही सांगेल," मी म्हणालो. "सोमवारी माझ्यासमोर प्रयोग करा. जमला तर परीक्षा, नाहीतर घरी." चौघींचे चेहरे एवढेएवढेसे झाले.

सोमवारी चौघी टेबलापाशी आल्या. तास पोर्टलवर गेल्यामुळं या मुलींनी ब्युरेटला कधी हात लावलेला नव्हता. अर्पितानं डाव्या हातानं तोटी धरली, उजव्यानं खालचं शंकुपात्र हलवायला लागली. थेंब, थेंब. रंग यायच्या बेताला तिनं तोटी बंद केली, टोकाला लोंबणारा अर्धा थेंब काचेला टेकवला आणि पाण्यानं धुऊन आत घेतला. फिकट गुलाबी! माझे एम.एस्सी.चे जोडीदारसुद्धा हमखास गडद करून ठेवायचे.

पण मी बघत होतो तिची करंगळी. ताठ, बाहेर काढलेली. मग दुसरीची बघितली, तिसरीची, चौथीची. चौघींच्या करंगळ्या ताठ!

"बोट असं का धरलंय?" मी विचारलं.

"व्हिडिओत तुमी तसंच धरलंय की, सर," अर्पिता म्हणाली. "आमाला वाटलं, तसंच धरायचं आसतं. सुरुवातीला लई दुखायचं."

पोर्टल शून्य म्हणत होतं आणि चार करंगळ्या समोर साक्ष देत होत्या. मी मामांकडं पाहिलं. त्यांनी हात पाठीमागं लपवला होता. मला माझीच लाज वाटली.

"ते हात माझे नाहीत," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "मामांचे आहेत. तुम्ही त्यांच्याकडून शिकलात." आणि फळ्यावरची चारही नावं पुसली.

मुली मामांकडं बघतच राहिल्या. मामा मात्र घाबरे झाले होते. हळूच माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सर, बोट ताठ धरलं म्हणून पोरींचं मार्क कापत्यात का?"

"नाही मामा," मी म्हणालो, "कापत नाहीत."

एवढ्या वर्षांत त्यांच्या प्रश्नाला मी दिलेलं ते पहिलं नीट उत्तर होतं.