रेडिएटरवरचं ओलं पोतं

समस्त नागरिकांनी कृपया उभं राहावं. मुकुंदवाडीत एका ओल्या पोत्यानं घडवलेल्या रणसंग्रामाची नोंद एकाही इतिहासकारानं घेतलेली नाही. ही राष्ट्रीय उणीव मी आज भरून काढत आहे. झालं, आता बसा.

दुष्काळाचं साल होतं. शहर मात्र खात्यापित्या पोटासारखं सुटलं होतं. स्टेशनाच्या पलीकडं नव्या नव्या कॉलन्या उगवत होत्या आणि नळ कुणाच्याच नशिबात नव्हता. माझं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान मुख्य रस्त्यावर, घर त्यापुढच्या कॉलनीत. घरात बहीण बाळंतीण, बाळ अजून डोळे नीट उघडत नव्हतं, आणि पिंपात खडखडाट. दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, टँकर चालवायचे. मालकाच्या हातापाया पडून त्यांनी त्या दुपारची खेप आमच्या कॉलनीसाठी मिळवली आणि पैठण रस्त्यावरच्या एका विहिरीवर टँकर भरला.

निघताना त्यांना एक शोध लागला. माठाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार राहतं, मग इंजिनानं काय घोडं मारलंय? त्यांनी भिजवलेलं पोतं रेडिएटरच्या तोंडावर सुतळीनं करकचून बांधलं.

आता रेडिएटरमध्ये इंजिनाचं तापलेलं पाणी बारीक नळ्यांतून फिरतं. नुसती नळी वाऱ्याला भिडून भिडून किती भिडणार? म्हणून तिच्या अंगावर कागदासारख्या पातळ पत्र्याच्या पात्या दाटीवाटीनं बसवतात. नळीची धग पात्यांत पसरते, पात्यांमधून वारा घुसतो आणि ती पळवून नेतो. वाराच अडवला तर पात्या आणि मांडवाची झालर सारखीच. पोतं ओलं होतं तोवर निभावलं. मग ते उन्हानं वाळलं, वरून रस्त्याची धूळ बसून अगदी सारवलेल्या भिंतीसारखं झालं, आणि टँकर वाफा सोडत नेमका माझ्या दुकानासमोर मेला.

"टँकर आलाऽऽ!" अशी आरोळी उठली. क्षणात गल्ली रिकामी आणि रस्ता भरला. कुणीतरी मागची तोटी फिरवली. पहिल्या धारेसाठी दोन जावांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. एका गृहस्थानं रबरी पाइपानं शेजाऱ्याला असं झोडपलं, की मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. कुणाचा तरी दात माझ्या चपलेजवळ येऊन पडला.

"सोडा, हे पानी पुढच्या कॉलनीचं हाय!" दाजी ओरडले.

"पुढच्यांचं? आन आमी काय मेलेले हाव व्हय रं?" एकानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्या नाकावर ठोसा ठेवून दिला.

रक्त पुसत दाजी पुढं धावले. रुमालानं त्यांनी रेडिएटरचं झाकण धरलं.

"दाजी, झाकण नका उघडू!"

"मेव्हणं, गप बसा! गाडी हालली पायजे!"

झाकण तोफेसारखं उडालं. उकळत्या पाण्याचा फवारा उसळला, दाजींच्या हाताचं कातडं पांढरं पडून सुटलं, आणि पुढची माणसं मागच्यांना तुडवत पळाली. मी सुतळी कापून पोतं ओढून फेकलं, मागं धावलो, तोटी बंद केली आणि तिला पाठ लावून उभा राहिलो.

समोर एक दणकट बाई आली. काखेत भरलेला हंडा, हातात रिकामा.

"सरक."

"नाय सरकत."

तिनं काखेतला हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या डोक्यात घातला. मी आडवा. डोळ्यांत रक्त, नाकातोंडात पाणी. त्या अवस्थेत मी बोंबललो, "घरात बाळंतीण हाय! लेकराला पुसाया पानी नाय!"

"माझंच लेकरू हाय वो, मावशी," भाजलेला हात छातीशी धरून दाजी रडायलाच लागले.

बाई थबकली. तेवढ्यात एकानं पुन्हा तोटीकडं हात नेला. तिनं त्याच्या अशी कानशिलात लगावली की तो गटाराजवळ जाऊन बसला. मग कुणाची हिंमत झाली नाही.

मी जमिनीवरूनच हुकूम सोडले. तिनं पात्यांमधला चिखल धुतला. गरम इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर ते तडकतं, म्हणून जरा थांबलो. मग इंजिन चालू ठेवून तिनं आत थोडं थोडं पाणी सोडलं. पात्यांतून वारा खेळायला लागला. टँकर निम्मा उरला होता. दाजींचा हात कामातून गेलेला, म्हणून डोक्याला त्यांचा रुमाल बांधून स्टिअरिंगवर मीच बसलो.

गाडी हलली तशी बाई चेपलेला हंडा घेऊन खिडकीशी आली. माझ्या डोक्याकडं बघितलं, रस्त्यावरच्या ओल्या डागाकडं बघितलं आणि कळवळून ओरडली, "आदी बोलाया काय झालं व्हतं रं मुडद्या? रिकाम्या हंड्यानं हाणला असता की तुला!"