फिनलंडवर नारळ उभा राहिला

वाचकहो, दैवी शक्ती, भुतंखेतं असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आणि हे सांगणारा मी कोण? तर पाथर्डी तालुक्यातला पाणाड्या! तळहातावर नारळ घेऊन रानात फिरायचं, तो उभा राहील तिथं बोअर घ्यायला सांगायचं – तीस वर्षं हाच धंदा. माझ्या एका बोअरचं पाणी इतकं उसळलं की वरून चाललेल्या विमानाला वायपर लावावे लागले… बरं, थोडं कमी उसळलं असेल. खरं गुपित आज फोडतो. मी जमिनीचा उतार बघतो, उंबर बघतो, वारूळ बघतो. नारळ मीच अंगठ्यानं हळूच उभा करतो.

गेल्या चैत्रात माझा उजवा हात आपोआप थरथरायला लागला. सून वैशालीनं लगेच ओळखलं. कप बशीत वाजत होता.

"मामा, डाक्टरला दाखवा."

"आन् गावाला कळलं मंजे? हालत्या हातावरचा नारळ कोन खरा मानील?"

"मंग नेटवर तरी बघा, कशानं हुतंय."

पण आमच्या वस्तीवर मोबाईलला रेंज नाही. वायफाय घ्यायचं ते चुलतभाऊ नानाकडून, आणि कोण काय बघतो ते नाना पारावर जाहीर करतो! एकानं केस उगवायचं तेल शोधलं, तर संध्याकाळी अख्खं गाव त्याची टोपी उचलून बघत होतं.

वैशालीनं फोनमध्ये व्हीपीएन टाकून दिलं. "आता नानांना काय बी कळायचं न्हाई. तुमी दुसऱ्याच देशातून बघताय असं दिसंल. फकस्त देश निवडा."

"कोनता निवडू?"

"कोनताबी! तिथं काय सोयरीक जमवायचीय व्हय?" म्हणत ती गाईला पाणी पाजायला गेली.

दुपारचे अडीच. पत्र्याच्या शेडमध्ये बाजेवर मी एकटा. समोर देशांची ही लांबलचक यादी… धंद्याची खोड, दुसरं काय – नारळ तळहातावर घेतला आणि रानावर फिरवावा तसा यादीवर फिरवला. सिंगापूर – पडून. जर्मनी – पडून, वर थरथर. फिनलंड… आणि नारळ उभा राहिला! अंगठा बाजूला होता, शपथेवर सांगतो. हात तर रोवलेल्या खुंट्यासारखा स्थिर.

मी डाव्या हातानं बटण दाबलं. कनेक्ट झालं.

तापलेल्या पत्र्याची कडकड थांबली. उजेड ताकासारखा पातळ झाला. समोरच्या नांगरटीवर पाणी पसरत होतं, आवाज न करता… बांधापर्यंत, मग टेकडीपर्यंत. एक रिकामी होडी संथ डुलत होती. कसल्या तरी अनोळखी झाडांचा गार वास आला. भीती नाही वाटली. जन्मभर ज्या पाण्याचे ठावठिकाणे सांगत फिरलो, ते सगळं वर येऊन शेजारी बसल्यासारखं वाटलं. तिथंच बसून, न हलणाऱ्या हातात फोन धरून, मी आजाराचं सगळं वाचलं. नाव वाचलं. बरा होत नाही, हेही वाचलं… आणि घाबरलो नाही.

"मामा, असं काय बघताय?" – वैशाली दारात. समोर कोरडी ढेकळं. हात पुन्हा सुरू.

"फिनलंडात काय असतं गं?"

तिनं शोधलं. "तळी. जिकडं बघावं तिकडं तळीच म्हनं."

त्या दिवसापर्यंत मी त्या देशाचं नावही ऐकलं नव्हतं!

संध्याकाळी स्वतःच पारावर गेलो. "नाना, माझा हात हालतोय. आजार हाय, ऱ्हानार हाय. सांग आता गावाला." नाना बिचारा हिरमुसला. बातमी हातची गेली ना!

नंतर फिनलंड कितीदा लावलं. नारळ काही उठत नाही, पाणीही नाही. नगरच्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या. त्यांना सगळं सांगून विचारलं, "मग त्या दुपारी हात थांबला कसा?"

"हा हात मधूनच थोडा थांबतो. पण इतका वेळ, असा? नाही सांगता येणार." मग त्यांनी दार लोटून घेतलं, आवाज बारीक केला. "आमचं राहुरीला थोडं रान आहे. एक जागा बघता का?"

"अहो, हात हलतोय माझा!"

"चालेल हो."

रविवारी राहुरीला गेलो. मी पुढं, हात हलत होता… आणि मागं डॉक्टर, बूट हातात घेऊन, ढेकळांतून अनवाणी.