धाब्यावरची खारी

रिठदचं आमचं सासरचं घर धाब्याचं. लाकडांवर फांद्या आणि फांद्यांवर मातीचा जाड थर, हेच छप्पर. मी अकोल्यात कौलांखाली वाढलेली, कारकुनाची मुलगी. पावसाळा खिडकीत बसून बघायचा असतो, अशी माझी समजूत. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढातच चिखल, चुलीचा ओला धूर आणि पायाच्या बोटांतल्या चिखल्या यांना मी इतकी वैतागले, की अकोल्याला निघालेल्या एका शेजाऱ्याजवळ गुपचूप निरोप दिला, "बाबांना म्हणा, मला घेऊन जा."

मग थोडी उघाड पडली. सासूबाईंनी ओलसर तूर धाब्यावर वाळत घालायला सांगितली. वर जाऊन बघते तर जिकडेतिकडे पांढरी भुसभुशीत माती! काय ही घाण, म्हणत मी पदर खोचला, सगळं धाबं खराट्यानं लख्ख झाडलं आणि माती खाली उकिरड्यावर लोटली. आपल्या टापटिपीवर मी भलतीच खूश होते.

श्रावणात झड लागली. माजघरात ज्वारीच्या कणगीवरच पाणी टपकायला लागलं. वर्षभराचं खाणं त्या कणगीत. सासूबाई धाब्यावर जाऊन आल्या.

"खारी कोनं झाडली वो?"

ती नाल्याकाठची खारी माती पाणी आत शिरू देत नाही, म्हणून मुद्दाम पसरतात. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. "मी," एवढंच कसंबसं म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर रडून मोकळी झाले असते. त्या म्हणाल्या, "चाल वर. आता तूच टाक."

ज्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, ते थोरले दीर शिडीवरून खारीच्या टोपल्या वर देत होते आणि मी गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून, भर पावसात, सगळ्या गावादेखत सासूबाईंच्या जोडीनं माती तुडवत होते. शेजारच्या धाब्यावरची बाई ओरडली, "अकोल्याच्या सूनबाईनं घर धुवून काढलं म्हन्ते!" सगळे हसले. लाजेनं माझे कान तापले.

पण टाचेखाली माती घट्ट बसत चालली, पाठीवरचा पाऊस सवयीचा झाला, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. छत्री उघडत एक गृहस्थ उतरले आणि वर बघून म्हणाले, "बाई, माही पोरगी कुठी हाये?"

"बाबा, मीच हो!"

त्यांचा चेहरा मला बघवेना. "काय हाल केले वो पोरीचे? बरं झालं निरोप धाडला तू. चाल, गाडी उभी हाये."

निरोप! साऱ्यांसमोर! सासूबाईंचा पाय मातीतच थांबला. खारी कोणी झाडली, हे त्या एका शब्दात सांगू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "जाय पोरी. उरलेलं मी तुडवतो." त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी गावाच्या हसण्यानंही वाटली नव्हती.

"बाबा, तुमी आत बसा," मी म्हणाले. "खारी मीच झाडली होती. कणगीवरचा कोपरा राह्यला अजून."

ते छत्री घेऊन आत गेले. काम उरकून मी खाली आले, तर बाबा माजघरात उभे होते. पाहुण्यासाठी टाकलेली घोंगडी तशीच रिकामी होती. त्यांनी आपली छत्री उघडून कणगीवर धरली होती, आणि छपरातून आता एकही थेंब पडत नव्हता.

त्यांनी छत्री मिटली. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तुह्या मायले सांगतो, पोरगी येत नाही म्हने."

सासूबाईंनी त्यांच्यापुढे गुळाचा चहा ठेवला, दुसरी वाटी माझ्याकडे सरकवली. मी चिखलाचे पाय लुगड्याखाली ओढून घेतले. सासूबाईंकडे मान वर करून बघायला मला दिवाळी उजाडली.