गाठींची गोधडी

आज नांदेडच्या घरी जुनी ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर मावशी घरभर झाली. वर तिची अर्धी राहिलेली गोधडी, खाली ती परदेशी. दोन्ही गच्चीवर उन्हात घातल्या आणि मी तिथंच बसून राहिले.

भूकंपात मावशीची एकुलती एक लेक गेली. लातूरकडच्या त्या गावात अख्खी आळी दगडमातीखाली गेली होती. कुणी कुणाचे डोळे पुसावेत? पण मावशी रडलीच नाही. पत्र्याच्या शेडमध्ये नुसती समोर बघत बसायची. त्या कोरड्या डोळ्यांची मला भीती वाटे.

थंडी पडू लागली तशी मदतीची गाठोडी आली, देशोदेशीच्या लुथरन पंथाच्या चर्चनी मिळून पाठवलेली. मावशीच्या वाट्याला परक्या फुलांच्या तुकड्यांची एक जाड गोधडी आली. तिनं सवयीनं ती उलटीपालटी करून पाहिली. आमच्याकडे गोधडी म्हणजे मुंग्यांच्या रांगेसारखा दाट धावदोरा. हिच्यात वीत-वीत अंतरावर नुसत्या दोऱ्याच्या गाठी.

“निम्मीच ऱ्हायली की गं ही,” मावशी म्हणाली. “टाके घालायच्या आदीच गेली असंल बिचारी. कुणाची लेक हाय, काय म्हाईत!” आणि त्या न पाहिलेल्या बाईसाठी तिनं असा हंबरडा फोडला की शेजारच्या बाया धावत आल्या. रडता रडता तोंडात स्वतःच्या लेकीचं नाव कधी आलं, तिचं तिलाही कळलं नाही. मग नाक पुसून म्हणाली, “सुई दे मला. पुरी करते तिची.” तो सारा हिवाळा ती टाके घालत होती.

पुढं फार वर्षांनी लातूरच्या चर्चमधल्या एका पाळकांकडून कळलं, की परदेशातल्या त्या बाया चर्चमध्ये जमून अशा गाठी मारूनच गोधड्या पुऱ्या करतात. महायुद्धात बेघर झालेल्यांसाठी पडलेली ती रीत. म्हणजे मध्येच कुणी गेलं नव्हतं. मावशीला हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्या बाईच्या निमित्तानं तर ती रडली होती.

यंदा मावशीही गेली, स्वतःची गोधडी अर्ध्यावर टाकून. मला धावदोरा कधीच जमला नाही. उन्हं उतरल्यावर सुई ओवली आणि उरलेल्या भागात वीत-वीत अंतरावर गाठी मारत गेले. दिसत नव्हतं नीट, डोळे सारखे भरून येत होते. उद्या कुणी ही गोधडी उघडून पाहील आणि म्हणेल, शिवणारी मध्येच गेली असेल बिचारी. त्याचं काही चुकणार नाही.